तुम्ही विचारलंत म्हणून: डिझेल फिल्टर निघत नाही, मग गाडी गॅरेजला का नेत नाही?

दिवाळी झाली की वणी, पांढरकवडा, हिंगणघाट इकडच्या जिनिंगांपुढे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांपुढे, कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. रांग सरकत नाही आणि बोलायला वेळच वेळ असतो. नुकताच जुना ट्रक घेतलेला एखादा पोरगा येऊन हटकून विचारतो, "काका, डिझेल फिल्टर तुम्ही घरीच बदलता म्हणे. आमचा तं निंघतच नाही. अन् एवढा तरास घेण्यापरीस गॅरेजले काहून नाही नेत?"

आधी गॅरेजचं सांगतो. माझा मिस्त्रीवर राग नाही. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचं, नोझलचं काम मी त्याच्याकडेच नेतो. पण तिथे काढलेला फिल्टर दोन मिनिटांत भंगाराच्या ढिगात जातो, आणि मला तर तोच बघायचा असतो. टाकीत उतरून कोणी बघत नाही. टाकीत काय साचलंय ते फिल्टरच्या पोटातून जे निघतं त्यावरूनच कळतं.

म्हणून जुन्या फिल्टरमधलं डिझेल मी काचेच्या बाटलीत ओततो आणि रात्रभर हलवत नाही. पाणी डिझेलपेक्षा जड, ते सकाळी तळाशी वेगळं दिसतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी रात्री उभी राहिली की टाकीतल्या दमट हवेचं पत्र्यावर पाणी होतं आणि खाली उतरतं. म्हणून श्रावण-भादव्यात मी संध्याकाळीच टाकी भरून ठेवतो. तळाशी तांबूस गाळ असेल तर गंज, मग तो टाकीचा असो की ड्रमचा. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल साठवतात आणि नड पडली की तेच ट्रकमध्ये ओततात. ओतायला हरकत नाही, पण ड्रमच्या तळाचं शेवटचं डिझेल कधीच ओतू नका आणि वरचंही गाळून घ्या. तिसरा प्रकार काळ्या, बुळबुळीत चिकट्याचा. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना लागतात तिथे जीवाणू वाढतात, त्यांचा तो थर. तो दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. ही खबर हंगामाच्या आधी मिळाली तर गाडी कापूस भरलेल्या अवस्थेत मारेगावच्या रस्त्यावर बंद पडत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपातला प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, आणि त्याची नळी यांच्यात अवघ्या दोन-चार मायक्रॉनची फट असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. एवढ्या बारीक जागेत गंजाची कणी गेली की पंपाचं काय होतं ते बिल हातात आल्यावर समजतं.

आता न निघणाऱ्या फिल्टरचं. अडलेला फिल्टर बहुतेक वेळा मागच्या वेळी बसवणाऱ्यानं अडकवलेला असतो. फिल्टरच्या तोंडावरचं नवं रबर कोरडंच लावलं, वर पान्यानं पिळून आवळलं, मग एप्रिल-मेचं ऊन आणि इंजिनची धग. ते रबर पत्र्याला चिकटून बसतं. आपल्याकडे 'जेवढं जास्त आवळलं तेवढं पक्कं' असा समज आहे, फिल्टरच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

काढताना पहिली गोष्ट दिशेची. फिल्टर वरच्या हेडला, म्हणजे तो ज्यात पिळून बसतो त्या धातूच्या टोपीला, लटकलेला असतो. तो खालून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. बॉनेटवरून वाकून, वरून बघत फिरवायला गेलं की दिशा उलटी दिसते, आणि माणूस जीव खाऊन फिल्टर आणखी आवळत बसतो. घाम पुसायला थांबाल तेव्हा एकदा खाली बसून दिशा तपासा.

मी हे काम सकाळीच करतो. इंजिन थोडं चालवून बंद करतो, म्हणजे रबर कोमट होऊन जरा सैल पडतं. चाकांच्या मागे-पुढे दगड लावतो, बॅटरीची अर्थिंगची तार काढतो, खाली घमेलं ठेवतो. फिल्टरच्या तळाला पाण्याचा नळ असेल तर आधी पाणी सोडतो. मग फिल्टर आणि पाना, दोन्ही चिंधीनं कोरडे पुसायचे; डिझेलच्या ओशट हातानं जोर लागत नाही. चेन पाना किंवा पट्टा पाना फिल्टरच्या मधोमध लावू नका, तिथला पत्रा पातळ असतो, डबा चेपतो आणि पुढे पकडच बसत नाही. वरच्या काठाशी, हेडच्या अगदी जवळ लावा. दुसऱ्या हातानं हेडला आधार द्या. पुष्कळ गाड्यांत हेड अॅल्युमिनियमचं असतं, लोंबकळून जोर दिला तर फिल्टर राहतो जागेवर आणि हेडला तडा जातो. झटका देऊ नका. ताण धरून ठेवा, थोडं थांबा, पुन्हा धरा. तरी हलला नाही तर जोडावर गंज सोडवणारं तेल सोडून चहा प्या. घाईनं जेवढे फिल्टर फाटतात तेवढे गंजानं फाटत नसावेत.

स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळे तोच आधी करतात. माझ्या मते तो शेवटचा. नवा फिल्टर हाताशी असेल तरच करा, कारण भोक पाडल्यावर गाडी चालू करता येत नाही. खाली ठोकला तर पत्रा चिंधीसारखा फाटत जातो, म्हणून तोही वरच्या काठाजवळच, पण मधला दांडा चुकवून. आणि डबा फाटून नुसती वरची चकती हेडला राहिलीच, तर छिन्नी चकतीच्या कडेला तिरपी धरून हलक्या हातोडीनं सोडवायच्या दिशेनं टोलत जायचं. हेडला छिन्नी लागू द्यायची नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नका: गॅसची ज्योत, ग्राइंडर, जळती बिडी. 'डिझेल पेटत नाही' असं आपले लोक छातीठोक सांगतात. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो आकडा, किमान ३५ अंश असावा एवढीच अट आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ अंशांवर जातो. अशा दुपारी घमेल्यातल्या डिझेलवर पेटणारी वाफ असू शकते. पोरांना लांब ठेवा, त्यांना बघायचंच असेल तर बाटली दाखवा.

नवा बसवण्याआधी हेडवर बोट फिरवून बघा. जुनं रबर पुष्कळदा वरच चिकटून राहतं, आणि त्यावर दुसरं रबर बसलं की गाडी तिथून एअर, म्हणजे बाहेरची हवा, घेत राहते. दोष मात्र पंपाला लावला जातो. नव्या रबराला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. रबर हेडला टेकेपर्यंत हातानं फिरवा, त्यापुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानंच. फिल्टरच्या डब्यावर वेगळं छापलं असेल तर ते पाळा. पाना पेटीत ठेवून द्या. अशा बसवलेल्या फिल्टरला पुढच्या वेळी बहुतेक पानाही लागत नाही, माझा निघतो त्याचं कारण हेच. मग आत अडकलेली हवा काढायचा एअर स्क्रू सैल करून हँड पंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकसंध डिझेल. तेव्हा स्क्रू आवळायचा. सेल्फ एका दमात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या. चालू झाल्यावर जोडावर कोरडी चिंधी दाबून ओल लागते का ते पाहायचं.

घमेल्यातलं घाण डिझेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. काळ्या मातीत ते मुरतं आणि तिथं पुढे पीक नीट उगवत नाही. मी ते झाकणाच्या डब्यात साठवतो आणि गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत देऊन टाकतो.

हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं सांगितलं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) गाड्यांत कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब १६०० बार आणि त्याहूनही वर जातो. रेलकडच्या बारीक नळीचा नट सैल करून एअर काढायची जुनी सवय तिथे जिवावर बेतते, त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. त्या गाडीच्या फिल्टरमध्ये आधी डिझेल भरूनही बसवू नका, वरून ओतलेलं न गाळलेलं डिझेल सरळ पुढे जातं. मीटरवर पाण्याचा दिवा लागला तर पाणी घरी सोडा, बाटलीत धरून बघा, आणि फिल्टर बदलताना मिस्त्रीजवळ उभे राहून जुना मागून घ्या.