आजोबांची गोल्ड विंग आणि तो जुना हिच

ओहायोत, कोलंबसच्या बाहेर आमचं मोटरसायकलींचं वर्कशॉप आहे. इथं गोल्ड विंग दुरुस्तीला येणं नवलाचं नाही. 1980 पासून 2009 पर्यंत होंडाची ही गाडी इथून जवळच, मॅरिसव्हिलच्या कारखान्यात तयार व्हायची. त्या दिवशी आलेली गाडी 1995 ची जीएल 1500 होती. सहा सिलिंडर, चेनऐवजी शाफ्ट, स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स, आणि पेट्रोल-तेल न धरताच 800 पौंडांच्या घरात जाणारं वजन, म्हणजे साधारण 360 किलो. मालक आजोबा आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. गाडी त्यांनी फार जपलेली होती.

आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना चाकांचा वॉकर लागायचा आणि घडी घालूनही तो मागच्या डिकीत मावत नव्हता. वॉकर नाही तर आजी नाहीत, आणि आजी नाहीत तर प्रवास नाही, असा सरळ हिशोब. म्हणून आजोबांनी एक छोटा दोन चाकी ट्रेलर घेतला. हिच, म्हणजे गाडीच्या मागं ट्रेलर अडकवायचा लोखंडी सांगाडा, त्यांच्याकडे होताच, एका मित्रानं घरच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून दिलेला. आधी दोन गाड्यांवर वापरून झालेला. "फक्त बसवून द्या, तासाभराचं काम आहे," म्हणाले.

मी तो हातात घेऊन उलटा केला आणि तिथंच थांबलो. त्याच्या दोन्ही पट्ट्या सॅडलबॅगच्या, म्हणजे बाजूच्या सामानाच्या डब्यांच्या, गार्डला आवळायच्या होत्या. गाडी आडवी पडली तर डबे फुटू नयेत म्हणून ते गार्ड असतं. बारीक पाइप, तेवढ्यापुरताच. हिचवर तर भार तीन तऱ्हेनं येतो. ट्रेलरची दांडी त्याला खाली दाबते, गाडी पळताना तो मागे ओढला जातो, आणि ब्रेक मारला की ट्रेलर त्याला पुढं ढकलतो. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक हे तिन्ही होत राहतं. त्यामुळे हिच किती जाड लोखंडाचा आहे यापेक्षा तो कशाला लटकवलाय, हे मी आधी बघतो.

दुसरी शंका वेल्डची होती. अमेरिकेत येण्यापूर्वी मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारखान्यात होतो. ऊस वाहून आलेली ट्रॉली दुरुस्तीला आली की आमचे मिस्त्री आधी दांडीचा वेल्ड बघायचे, बाकी सगळं नंतर. त्यांनी शिकवलेली तपासणी मी इथंही करतो. चिरा शोधायचे रंगीत स्प्रे मिळतात, चांगलेही असतात, पण माझा हात रॉकेल आणि खडूवर बसलाय.

जिथं ट्रेलरची दांडी अडकवायचा गोळा बसतो ती पट्टी आडव्या पाइपला जोडलेली होती. तिथला काळा रंग मी वायर ब्रशनं पार काढला. लोखंड उघडं पडल्यावर डोळ्यांना काही दिसत नव्हतं, वेल्ड तर बऱ्यापैकी एकसारखा वाटत होता. त्यावर रॉकेल चोळलं, मुरू दिलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून पांढरा खडू घासला. मग हातोडीनं पाइपवर हलके ठोके दिले. थोड्या वेळानं खडूच्या पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. ती वेल्डच्या कडेनं निघाली होती, कोपऱ्यावर वळली होती आणि पट्टीच्या खालच्या बाजूला जवळजवळ अर्ध्यापर्यंत गेली होती. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपत होतं.

आजोबा चष्मा वर करून वाकून बघत राहिले. "यावर पुन्हा वेल्ड मारता येणार नाही?" त्यांनी विचारलं. मारता येतो. पण चीर मुळापर्यंत खोदून काढावी लागते, पट्टी वाढवावी लागते, आणि एवढं करूनही तो हिच गार्डलाच लटकणार. मी सांगितलं, "हा मी बसवणार नाही. मागं आजी बसणार आहेत." त्यांनी वाद घातला नाही. हिच असाच कुणाच्या तरी हाती लागून पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून त्यांच्या परवानगीनं मी ग्राइंडरनं त्याचे तुकडे केले. दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्यांना बोललो आणि जॉब कार्डावरही लिहिली. होंडाच्या मालकपुस्तिकेत ट्रेलर जोडू नये असं सांगितलेलं असतं. मोटरसायकल त्यासाठी बनवलेली नसते आणि तिचं वळणं, थांबणं दोन्ही बिघडतं. असं असूनही लोक वर्षानुवर्षं गोल्ड विंगला ट्रेलर जोडतात, मीही जोडून देतो. पण काय पत्करतोय हे माणसाला माहीत असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

नवा हिच मागवला तो याच मॉडेलसाठी बनवलेला, फ्रेमला चार ठिकाणी बोल्टनं बसणारा. फ्रेमला भोक पाडायचं नाही, तिच्या मूळ जागाच वापरायच्या. आमच्याकडे या कामातला जास्त वेळ खरं तर प्लास्टिक उतरवण्यात जातो. इतक्या वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, ओढलं की खिट्टी तुटलीच. हेअर ड्रायरनं ऊब देत, बोटांनी चाचपत एकेक भाग काढला.

डबे उतरलेच होते, म्हणून आजोबांना विचारून मागचं चाकही काढलं. हिच लागला की चाक काढायला जागा अडचणीची होते, आणि शाफ्टच्या गाडीत चाकाच्या आत जे दाते असतात, ज्यांना आम्ही स्प्लाइन म्हणतो, ते ट्रेलर ओढायच्या आधी बघितलेच पाहिजेत. इंजिनाची सगळी ताकद त्यांच्यातूनच चाकात जाते. होंडा तिथं मॉलिब्डेनमची पेस्ट लावायला सांगते, पण टायर बदलणारे बरेच जण ती विसरतात. इथंही तेच झालेलं. पेस्टचा मागमूस नाही, दात्यांत गंजासारखी तांबूस पूड साचलेली. सुदैवानं दाते अजून बोथट होते, धारदार झालेले नव्हते. दात्याचा माथा चाकूसारखा झाला की समजायचं, तो आता कधीही सगळा सोलून निघेल आणि इंजिन चालू असून चाक फिरणार नाही. साफ केलं, पेस्ट भरली, चाक बसवलं.

वायरिंगमध्ये मात्र नवख्या माणसाची हमखास फसगत होते. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. इथल्या चार तारांच्या ट्रेलरमध्ये हिरवी म्हणजे उजवं वळण, आणि अर्थिंग पांढरी. हिरव्याला हिरवी जोडली की ट्रेलरचा उजवा इंडिकेटर चालत नाही, फ्यूजही उडू शकतो. शिवाय ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात, गाडीवर वेगळे. त्यासाठी मधे कन्व्हर्टर घातला. त्याला करंट थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज लावून दिला, गाडीच्या जुन्या वायरींनी फक्त इशारा द्यायचा. जुन्या बल्बचा ब्रेकचा एक तंतूच जवळपास 27 वॉट खातो, म्हणून ट्रेलरचे दिवेही एलईडी केले.

मग आजोबांनी प्रवासाला जसा भरतात तसा ट्रेलर भरला. वॉकर उचलायला सोपा पडावा म्हणून सगळ्यात मागं, टूलबॉक्सही तिकडंच. एकूण वजन 280 पौंड. दांडीचं टोक मी गोळ्याच्या उंचीएवढ्या ठोकळ्यावर, खाली घरातला वजनकाटा ठेवून टेकवलं. काटा 9 पौंडांवर थांबला. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर यायला हवा, म्हणजे 28 च्या आसपास.

आमच्याकडे बैलगाडीत ऊस मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि गाडी गाडीवानाचं ऐकेनाशी होते. इथं बैलांच्या जागी मोटरसायकलचं मागचं चाक. दांडी हलकी असली की वेग वाढल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोल घ्यायला लागतो आणि तो झोल गाडीलाही हलवतो. दांडी फार जड झाली तरी वाईटच, मागचं चाक दबतं आणि हँडल हलकं पडतं. टूलबॉक्स आणि पाण्याचे कॅन आसाच्या पुढं आणले, वॉकर आडवा मधे बांधला. काटा 27 वर आला. कुठली वस्तू कुठं ठेवायची हे ट्रेलरच्या तळावर खडूनं आखलं. आजींनी नंतर त्याच रेघांवर रंगीत टेप चिकटवली.

दोघांना गाडीवर बसवून, सस्पेन्शनमध्ये हवा भरून मग गोळ्याची उंची ठरवली. रिकाम्या गाडीवर ठरवलेली उंची माणसं बसली की खोटी पडते. ट्रेलरची दांडी गोल फिरणाऱ्या जोडाची घेतली होती, म्हणजे वळणावर गाडी कलली तरी ट्रेलर सपाट राहतो आणि गाडी आडवी झालीच तर ट्रेलरला उलटवत नाही. साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावल्या, जोड सुटला तर दांडी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडी मागं सरकवून ट्रेलरचा कोपरा डब्याला कुठं लागतो तेही त्यांना दाखवलं.

चाचणीसाठी शेतांमधल्या रिकाम्या रस्त्यावर आधी मी एकटा गेलो, मग आजोबा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणून ठरलेल्या खुणेवर थांबायला किती रस्ता जास्त लागतो हे त्यांना स्वतः अनुभवायला लावलं. दोनदा खूण ओलांडून पुढं गेले. मग आपणहून अलीकडून ब्रेक धरायला लागले. बस चालवलेला माणूस, मागच्या ओझ्याचा अंदाज त्यांच्या अंगात होता.

पहिल्या 100 मैलांनंतर बोल्ट पुन्हा तपासायला या असं बजावलं होतं, त्याप्रमाणे दोघं आले. टॉर्क पाना लावला. चारपैकी तीन बोल्ट जागचे हलले नाहीत, डावीकडचा मागचा पाव फेरी फिरला. तो काढून, धागे साफ करून, लॉकिंगचं औषध लावून पुन्हा आवळला आणि सगळ्यांवर पांढऱ्या रंगाची खूण ओढली. बोल्ट फिरला तर ती रेघ तुटलेली दिसेल, पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा वाकून बघा, असं आजोबांना सांगितलं. आजी म्हणाल्या, "यांना वाकायला त्रास होतो, माझा वॉकर काढताना मीच बघेन."