दोनशे पाच दिवसांचा युवराज

व्हिएन्नात आम्ही चार दिवस होतो. आईला शॉनब्रुन राजवाडा आणि तिथली बाग बघायची होती. कापुचिन चर्चखालच्या तळघराचा हट्ट माझा. "राजेलोकांच्या शवपेट्या बघायला कशाला जायचं गं?" असं ती दोनदा म्हणाली, पण आली.

नॉयर मार्क्ट हा शहराच्या ऐन मध्यातला चौक. चर्च इतकं साधं, की शोधत आला नाहीत तर तसेच पुढे निघून जाल. तिकीट काढून पायऱ्या उतरलो आणि समोर पेट्याच पेट्या. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्यातली सुमारे दीडशे माणसं इथे आहेत, त्यांत बारा सम्राट. बहुतेकजण थांबतात मारिया तेरेसाच्या अवाढव्य पेटीपाशी. झाकणावर ती आणि तिचा नवरा फ्रान्झ स्टेफान अंथरुणावर नुकते उठून बसल्यासारखे एकमेकांकडे बघताहेत. आई मात्र लहान पेट्यांपाशी थांबत होती. या घराण्यात मुलं फार गेली.

मी आले होते त्यातल्याच एकासाठी. लिओपोल्ड योहान, सम्राट सहावा चार्ल्स आणि एलिझाबेथ क्रिस्टिने यांचा एकुलता मुलगा. जन्म 13 एप्रिल 1716, मृत्यू 4 नोव्हेंबर 1716. मी बोटांवर दिवस मोजले होते, दोनशे पाच भरतात.

त्याच्या जन्माआधीची आठ वर्षं त्याच्या आईसाठी किती जड गेली असतील! लग्न 1708 सालचं. पाळणा हलेना. त्यातच 1711 मध्ये चार्ल्सचा थोरला भाऊ सम्राट पहिला जोसेफ देवीच्या साथीत गेला. मागे दोन मुलीच होत्या. म्हणजे सगळ्या घराण्यात पुरुष म्हणून चार्ल्स एकटा उरला. मूल व्हावं म्हणून दरबारी वैद्यांनी राणीला रेड वाइन पाजली, भारी खुराक दिला, असं सांगतात. पुढे तिचं शरीर इतकं स्थूल झालं की चालणं अवघड झालं. अशा घरात मुलगा जन्मला, तेव्हा केवढा सुस्कारा सुटला असेल!

सात महिनेही पुरे झाले नाहीत तोच तो गेला.

वाचताना एका गोष्टीपाशी मी अडकले होते. त्याची धाकटी बहीण, पुढे राज्यावर आलेली मारिया तेरेसा, हिचा जन्म 13 मे 1717 चा. तारखा लावून पाहिल्या तर मुलगा गेला तेव्हा राणीला तिसरा महिना असणार. युरोपच्या इतिहासातली सर्वात कर्तबगार राज्यकर्ती पोटात होती आणि घर सुतकात होतं.

हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता, तीन महिन्यांचा होऊन गेला. घरात त्याचा विषय कधी निघत नाही. मग तिने विचारलं, "दत्तक का नाही घेतला त्यांनी?" आपल्याकडच्या माणसाला हाच प्रश्न पहिला सुचणार. तिथे तो मार्ग नव्हता, रक्ताचाच वारस लागे. चार्ल्सने 1713 मध्येच एक फर्मान काढून ठेवलं होतं, प्रॅग्मॅटिक सँक्शन. आपल्याला मुलगा नसला तर राज्य आपल्या मुलीला जाईल, भावाच्या मुलींचा हक्क त्यानंतर. खरं तर चार्ल्सच्या वडिलांनी 1703 मध्ये केलेल्या घरगुती करारात नेमकं उलटं ठरलं होतं. फर्मान निघालं तेव्हा चार्ल्सला एकही मूल नव्हतं. लिओपोल्ड गेल्यावर त्या कागदावर सगळंच येऊन ठेपलं.

पुढची जवळजवळ वीस वर्षं चार्ल्स एकेका राजाकडून त्याला मान्यता मिळवत राहिला, आणि प्रत्येक मान्यतेची किंमत मोजत राहिला. त्यातली एक आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचते. त्याच्याच सनदेने 1722 मध्ये सुरू झालेल्या ऑस्टेंड कंपनीच्या वखारी मद्रासजवळ कोवलमला आणि बंगालमध्ये हुगळीकाठी बांकीबाजारला होत्या. इंग्रजांना ही कंपनी खुपत होती. त्यांची मान्यता हवी म्हणून 1731 मध्ये चार्ल्सने कंपनी मोडून टाकायचं कबूल केलं. व्हिएन्नातला एक पाळणा रिकामा झाला आणि हुगळीकाठचा एक व्यापार त्यात गेला. मला हा धागा सापडला तेव्हापासून हे तळघर बघायचंच होतं.

एवढं करूनही 20 ऑक्टोबर 1740 ला चार्ल्सने डोळे मिटले आणि दोन महिन्यांच्या आत प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक हाब्सबुर्गांच्या सायलेशिया प्रांतात घुसला. जोसेफच्या मुलीचा नवरा, बव्हेरियाचा चार्ल्स आल्बर्ट, 1742 मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झाला; हे पद निवडणुकीने मिळे. तीनशे वर्षं हाब्सबुर्गांकडे असलेला मुकुट घराण्याबाहेर गेला. बाई त्या गादीवर निवडून येऊच शकत नव्हती. मारिया तेरेसा तेवीस वर्षांची, गरोदर, आणि राज्यकारभाराचं शिक्षण शून्य, कारण वडील शेवटपर्यंत मुलाची वाट बघत राहिले. याचा मला मनापासून राग येतो. डोळ्यांसमोर अशी मुलगी वाढत असताना! युद्ध आठ वर्षं चाललं. सायलेशिया गेला, बाकीचं बहुतेक राज्य तिने राखलं. 1745 मध्ये नवऱ्याला सम्राटपदी निवडून आणलं, मुकुट घरी परत आला.

चार्ल्सच्या पेटीवर मुकुट घातलेली कवटी आहे. सगळे तिचे फोटो काढत होते. आई जवळच्या एलिझाबेथ क्रिस्टिनेच्या पेटीपाशी गेली. तिच्यावर चेहऱ्यावर पदर ओढून शोक करणाऱ्या बायका कोरल्या आहेत. ही राणी 1750 पर्यंत जगली, म्हणजे मुलीचं राज्य तिने पाहिलं. आईने विचारलं, "आणि तिचं बाळ?" "याच तळघरात आहे," मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली. पर्स उघडून तिने रुमाल काढला. मी तिच्या शेजारी उभी राहिले. वर जाताना जिन्यात तिने माझ्या भावाचं नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.