फिल्म नको, सीडी आणा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत सीटीच्या फिल्म असतात, रिपोर्ट असतो. सीडी मात्र बहुधा घरीच राहिलेली असते. मिक्स्ड रिॲलिटीचा चष्मा, म्हणजे समोरच्या खऱ्या खोलीतच पेशंटच्या फुप्फुसाचं थ्रीडी मॉडेल तरंगताना दाखवणारा चष्मा, लावून ऑपरेशन आखायचं असेल तर खरं काम त्या सीडीवरच्या डायकॉम फाइलींचं, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांचं असतं. त्याही १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइसच्या, म्हणजे सीटीने घेतलेल्या आडव्या कापांच्या हव्यात. ५ मिमीच्या स्लाइसमधून बारीक रक्तवाहिन्या निसटतात आणि मॉडेल दिसायला छान, पण खोटं होतं.

हा खटाटोप मुख्यतः सेगमेंट काढण्यासाठी. फुप्फुसाचे मोठे भाग म्हणजे लोब, आणि लोबचे छोटे भाग म्हणजे सेगमेंट. २ सेंमीपर्यंतच्या, फुप्फुसाच्या बाहेरच्या भागातल्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अख्खा लोब न काढता सेगमेंट काढला तरी चालतं, हे जपानच्या जेसीओजी ०८०२ चाचणीने २०२२ मध्ये दाखवलं. पण लोबपेक्षा सेगमेंट अवघड. प्रत्येकाच्या धमनीच्या फांद्या वेगळ्या जागी फुटतात, म्हणून नकाशा त्याच माणसाचा लागतो.

थ्रीडी स्लायसरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये धमनी, शीर, श्वासनलिका आणि गाठ वेगवेगळी रंगवतात. फुप्फुसाच्या धमनीत अशुद्ध रक्त असतं, म्हणून ती निळी आणि शीर लाल. हा रंगांचा करार ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सगळ्यांना आधीच माहीत हवा. आपोआप रंगवलेल्यावर विसंबू नये. फुप्फुसाच्या मुळाशी धमनी आणि शीर एकमेकींना चिकटून असतात, तिथे सॉफ्टवेअर दोन्ही एकच धरतं. प्रत्येक फांदी मुळापासून टोकापर्यंत मूळ स्लाइसवर बोट ठेवून तपासावी. मग गाठीच्या कडेपासून चौफेर २ सेंमी अंतर सोडून गोल काढायचा. दोन सेगमेंटच्या मधून शीर जाते. गोल तिला ओलांडत असेल तर शेजारचा सेगमेंटही घ्यावा लागतो.

चष्म्यात घालण्याआधी मॉडेल हलकं करावं, त्याचा पृष्ठभाग ज्या बारीक त्रिकोणांचा बनतो ते एक-दोन लाखांवर आणावेत, नाहीतर चित्र अडखळतं. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या चष्म्याचं वजन ५६६ ग्रॅम, बॅटरी दोन-तीन तास. हाताच्या अंतरावर धरलेलं मॉडेल डोळ्यांना त्रास देतं; पेशंटच्या पलीकडे, सव्वा ते दोन मीटरवर ठेवावं.

आणि ते मॉडेल पेशंटच्या छातीवर जुळवून बसवायचा मोह टाळावा. सीटी उताणं झोपवून, श्वास भरून घेतलेली असते. ओटीत माणूस कुशीवर असतो आणि भूलतज्ज्ञाने ते फुप्फुस बंद करून मिटवलेलं असतं. फांद्यांचा क्रम तोच राहतो, जागा बदलतात. मॉडेल पेशंटसारखंच कुशीवर फिरवून बाजूला टांगावं, क्रम त्यावरून वाचावा. सेगमेंटची सीमा मात्र फुप्फुसालाच विचारावी: सेगमेंटची धमनी कापल्यावर सलाइनसारखं शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे चमकणारं रंगद्रव्य द्यायचं, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात बाकी फुप्फुस चमकतं, तो सेगमेंट काळा राहतो.

आपल्याकडे जुन्या टीबीचा प्रश्न मोठा. फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं, मुळाशी चुना साठलेल्या गाठी धमनीला धरून बसलेल्या. चुना सीटीत दिसतो, म्हणून तोही पांढऱ्या रंगात मॉडेलमध्ये घ्यावाच. तो धमनीला किती घट्ट चिकटलाय हे मात्र चष्मा सांगत नाही. अशा वेळी फांदीला हात लावण्याआधी मुख्य धमनी मोकळी करून तिच्याभोवती टेप टाकून ठेवावी, म्हणजे रक्त सुटलं तर ती आवळता येते.