कच्चे तांदूळ

गेल्या पावसाळ्यात मला कच्चे तांदूळ खायची सवय पुन्हा लागली. कुकर लावताना डब्यातून मूठभर काढायचे आणि उभ्याउभ्याच चावायचे. लहानपणी असं केलं की आई ओरडायची, "लग्नात पाऊस पडेल!" बेचाळिसाव्या वर्षी ओरडायला कोणी नव्हतं. आणि ही आजाराची खूण असू शकते, हे माझ्या गावीही नव्हतं.

त्याच सुमारास दादरचा पूल जड जायला लागला. मी मुलुंडहून येते, दादरला उतरून अंधेरीची गाडी पकडते. वीस वर्षं तोच जिना. आता अर्ध्यावर कठडा धरून थांबावं लागायचं, छातीत धडधड, मागून "अहो, चला ना पुढे". चाळिशी आली, दुसरं काय, असं मी धरून चालले होते. शेवटी नवराच डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालसर गुलाबी दिसायला हवं, ते पांढुरकं होतं. मग विचारलं, "माती, खडू, तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?" मी नवऱ्याकडे बघितलंच नाही.

हिमोग्लोबिन ७.८ आलं. बाईचं किमान १२ हवं.

आपण "रक्त कमी आहे" म्हणतो, पण बहुतेकदा कमी असतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू प्राणवायूचा एक रेणू धरून नेतो. लोह नसेल तर हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही, मग तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. पुलावर मला ऐकू यायचे ते हे ठोके.

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. भंगारातलं लोखंड पुन्हा भट्टीत जातं, हे त्यांच्याकडून शंभरदा ऐकलंय. शरीरही तेच करतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग मुख्यतः प्लीहेत मोडली जाते आणि तिच्यातलं लोह नव्या पेशींसाठी हाडांतल्या मगजात परत जातं. असं रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह फिरत असतं. अन्नातून आतडं नवीन घेतं ते जेमतेम १-२ मिलिग्रॅम. एवढी काटकसर! पण रक्त बाहेर गेलं की लोहही गेलं. १ मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम. माझी पाळी तीन वर्षं आठ-आठ दिवस चालत होती आणि मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, साधी. तिचे उपचार चालू आहेत. नुसत्या गोळ्यांवर भागवलं असतं तर भोक पडलेल्या पिंपात पाणी ओतल्यासारखंच झालं असतं.

जेवणाचं म्हणाल, तर माझ्याकडे काय चुकत होतं ते ऑफिसात सापडलं. दीड वाजता डबा आणि लगेच चहा. चहातली टॅनिनं पोळी-भाजीतलं बरंचसं लोह आतड्यात शोषूच देत नाहीत. आता चहा चारला. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू, कारण क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. रविवारी कलेजी किंवा तिसऱ्या, आणि थंडीत अळिवाचे लाडू. सगळ्यांनी सुचवलेलं बीट मात्र मी सोडलं. त्याचा लाल रंग लोहाचा नसतोच.

तीन महिन्यांनी ११.९. गोळ्या अजून चालू आहेत, कारण रिपोर्ट सुधारला तरी शरीरातला साठा भरायला वेळ लागतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. लेडीज डब्यात उभी असते तेव्हा हा आकडा आठवतो आणि पोटात कालवतं. दारापाशी डोळे मिटून टेकलेली ती मुलगी, भाजी निवडता निवडता पेंगणाऱ्या त्या काकू. आपण सगळ्याजणी याला दगदग म्हणतो.

गेल्या मंगळवारी लेक स्वयंपाकघरात होती. चौदा वर्षांची. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला लॅबमध्ये नेलं. १०.२. आता रात्री दोन पेले लिंबूपाणी करते, एक तिचा, एक माझा.