आमची वाटचाल: फॉग लॅम्पपासून डॅशकॅमपर्यंत, फ्यूजच्या हिशोबाने

आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानाची सुरुवात हॉर्न, फॉग लॅम्प आणि कॅसेट प्लेअर बसवण्यापासून झाली. बाजारात तेव्हा रीत सरळ होती: वीस अँपियरचा फ्यूज मारा, उडला तर तीसचा. आजही कुणी कुणी तांब्याची तार गुंडाळून देतात! आमच्याकडे क्रम पहिल्यापासून ठरलेला आहे. आधी वॅट, मग वायर, शेवटी फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवतो. दिवा वाचवणं हे त्याचं काम नाही.

हिशोब असा. 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे 110 वॅट. बॅटरीच्या 12 व्होल्टने भागले की सुमारे 9.2 अँपियर. सतत चालणारा लोड फ्यूजच्या पाऊण क्षमतेच्या आत ठेवायचा, म्हणजे 12 च्या पुढचा, 15 चा निळा पत्ती फ्यूज. 9.2 हा आकडा लाल दहाच्या आत बसतो खरा, पण गाडी चालू असताना व्होल्टेज 14 च्या आसपास जातं आणि थंड फिलामेंट पेटताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतं, म्हणून तो आज ना उद्या उडतोच. वायर दीडचीही (दीड चौरस मिलिमीटर; वायरीचे आकडे असेच) चालेल, पण तीन मीटरमध्ये तिच्यात 0.35 व्होल्ट पडतात, अडीचच्या वायरीत 0.2. आम्ही अडीचचीच टाकतो.

पुढे 100/90 चे, म्हणजे अप्पर 100 आणि डिपर 90 वॅटचे, हॅलोजन बल्ब मागायची लाट आली. दोन्हींचा अप्पर मिळून 16.7 अँपियर. एकच 25 चा फ्यूज टाकता येतो, पण तो घाटात रात्री उडाला तर दोन्ही बाजूंना अंधार. म्हणून रिलेनंतर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) प्रत्येक दिव्याला स्वतंत्र 15 चा, आणि बॅटरीपासून रिलेपर्यंतच्या चारच्या वायरीवर 30 चा हिरवा. हा मुख्य फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. तो दिव्याजवळ बसवला, तर बॅटरीकडची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहते, आणि पत्र्याच्या भोकात घासून शॉर्ट होते ती नेमकी तीच.

अँप्लिफायरची कामं वाढली तेव्हा केबल तपासणं आलं. स्वस्त पॅकमधली केबल बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असते; ती एक साइज जाड धरावी. अँप्लिफायरवर 25 चे दोन फ्यूज असतील तर सोळाची तांब्याची केबल आणि बॅटरीपाशी 60 चा फ्यूज.

ट्रकवाल्यांना 24 व्होल्ट म्हटलं की मोठा फ्यूज हवा असं वाटतं. हिशोब उलटा आहे: 70 वॅटचे दोन दिवे तिथे 5.8 अँपियरच घेतात, 10 चा फ्यूज पुरतो.

होल्डरकडे दुर्लक्ष फार होतं. प्लॅस्टिक वितळलंय आणि फ्यूज मात्र शाबूत, अशी गाडी आली की करंट नेहमीचाच असतो. ढिल्या क्लिपचा किंवा कच्च्या क्रिंपचा (दाबून बसवलेल्या जोडाचा) विरोध तापलेला असतो. तिथे मोठा फ्यूज घालून काहीच सुधारत नाही, होल्डर बदलावा लागतो. एकच्या वायरीची शेपटी असलेल्या इनलाइन (वायरीतच जोडायच्या) होल्डरवर 30 चा आकडा छापलेला असला, तरी त्यात दहाच्या वर जाऊ नये.

आता डॅशकॅम जास्त येतात. ते एक अँपियरच्या आसपास घेतात, त्यामुळे 3 चा जांभळा फ्यूज. फ्यूज बॉक्समध्ये टॅप (मूळ फ्यूजच्या जागी बसून दुसऱ्या फ्यूजची वाट काढून देणारा जोड) लावताना मूळ फ्यूज काढून टेस्ट लॅम्पने कुठल्या खाचेत सप्लाय येतो ते पाहायचं, टॅपची सामाईक (दोन्ही फ्यूजना जोडलेली) पत्ती त्याच बाजूला यायला हवी. उलटी बसली तर डॅशकॅमचाही करंट मूळ फ्यूजमधूनच जातो. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजवर टॅप आम्ही लावत नाही, ग्राहकाने कितीही घाई केली तरी.

बाइकवरच्या 18 वॅटच्या यूएसबी चार्जरलाही हाच जांभळा तीनचा, सप्लाय इग्निशनवरून, वायर पाऊणची. हँडल वळतं तिथे ती स्लीव्हमधून न्यावी आणि थोडी सैल सोडावी.