एनबीए असताना कॉलेजची पोरं कशाला बघता?

अमेरिकेतलं कॉलेजचं बास्केटबॉल एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, मानाने कच्चंच असतं. सोप्या जागेवरून बॉल हुकतात, पास भलत्याच्या हातात जातात, आणि दहा पॉइंट पुढे असलेला संघ शेवटच्या तीन मिनिटांत असा गांगरतो की कोचची कीव यावी. हे सगळं मान्य. तरीही मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात कुणीतरी मला फोनवर स्कोअर बघताना पकडतं आणि विचारतंच, "अहो, जगातले सगळ्यात भारी खेळाडू एनबीएत, आणि तुम्ही ही पोरं काय बघत बसता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी रॉलीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये एमएस केलं आणि आजही शेजारच्या केरीतच राहतो, त्यामुळे 'स्टेट' म्हणजे घरचा संघ. पण एवढंच कारण असतं तर मी पलीकडच्या डरहॅममधल्या ड्यूकच्या मॅच बघितल्या नसत्या. त्याही बघतो. ते हरावेत म्हणून बघतो, ती गोष्ट वेगळी.

खरी गोम हरण्यात आहे. एनबीएचा संघ सीझनमध्ये 82 मॅच खेळतो आणि पुढे प्लेऑफमध्ये सातपैकी चार जिंकेल तो पुढे जातो. एखाद्या रात्री कुणाचा हात बसला, तरी दोन दिवसांनी समोरचा कोच त्यावर तोड काढतो. शेवटी बहुधा चांगला संघच उरतो. कॉलेजच्या मार्चमधल्या स्पर्धेत 68 संघ आणि एकदा हरलात की थेट घरी. 2018 मध्ये त्या वर्षीचा अव्वल मानला गेलेला व्हर्जिनियाचा संघ मेरीलँडच्या यूएमबीसी या कुणाला माहीत नसलेल्या कॉलेजकडून 20 पॉइंटने हरला. सातपैकी चार असतं, तर हे नाव कुणाच्या कानावरही आलं नसतं.

2024 चं स्टेट हे माझं आवडतं उदाहरण. सीझनभर रडतखडत खेळून आपल्या लीगमध्ये दहावे आले, सरळ चार मॅच हरून वॉशिंग्टनला लीगच्या स्पर्धेत गेले. तिथे विजेतेपदासाठी पाच दिवसांत पाच मॅच जिंकायच्या होत्या. चौथ्या दिवशी पुन्हा व्हर्जिनिया. पाचेक सेकंद उरलेले, स्टेट 58–55 असं मागे, आणि फाउलबद्दल मिळणारा मोकळा नेम, म्हणजे फ्री थ्रो, व्हर्जिनियाकडे. इथे कॉलेजचा एक नियम आडवा आला. एनबीएत अशा वेळी दोन फ्री थ्रो हमखास मिळतात. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एका हाफमध्ये समोरच्यांचे सात फाउल झाले की 'वन अँड वन' सुरू होतो, म्हणजे पहिला गेला तरच दुसरा. पहिला हुकला. स्टेटच्या मायकल ओकॉनेलने बॉल घेऊन जिवाच्या आकांताने धाव घेतली, तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून फेकला, बोर्डावर आपटून आत. बरोबरी. जादा वेळेत स्टेट जिंकलं, दुसऱ्या दिवशी चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठालाही हरवलं, आणि 1987 नंतर पहिल्यांदा लीगचं विजेतेपद रॉलीत आलं. त्या एका फ्री थ्रोवर सगळा डोलारा उभा होता.

तिथून पुढे मार्चच्या त्या मोठ्या स्पर्धेत अंतिम चारपर्यंत गेले ते डीजे बर्न्सच्या जिवावर. सहा फूट नऊ इंच, वजन जवळपास सव्वाशे किलो, डावखुरा आणि सदा हसतमुख. बास्केटकडे पाठ करून उभा राहायचा, बॉल मागायचा, मग कुल्ल्याने रेटत रेटत बचाव करणाऱ्याला मागे सारायचा. घाई म्हणून नाही. एक खांदा इकडे टाकायचा, समोरचा तिकडे झुकला की एवढं धूड गर्रकन उलटं फिरायचं आणि डाव्या हाताने बॉल अलगद आत. डॅलसमध्ये ड्यूकविरुद्ध त्याने असे 29 पॉइंट केले. पहिल्या हाफमध्ये सगळ्या स्टेटचे मिळून 21 होते, दुसऱ्यात 55 झाले. ड्यूकच्या उंच, नाजूक हालचालींच्या मुलांना हा माणूस थांबवायचा कसा हेच कळेना.

त्याच जूनमध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 58 नावं पुकारली गेली. त्यात बर्न्स नव्हता. यात अन्याय काहीच नाही. एनबीएतले लोक दुबळा दुवा हेरण्यात पटाईत. ज्याला बर्न्स गार्ड करतोय त्याला बोलावून स्क्रीन लावायची, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं करायचं, मग बर्न्सला रेषेपाशी एखाद्या चपळ खेळाडूसमोर एकटा पाडायचा, आणि हे रात्रभर करायचं. एनबीएतला स्टार योकिच, त्याचं शरीर तरी कुठे धावपटूचं आहे म्हणाल, पण तो बाहेरून बॉल टाकतो आणि त्याच्याइतका पास देणारा त्या उंचीत दुसरा नाही. एनबीएत सगळं यावं लागतं. कॉलेजात एकच गोष्ट झकास येणारा माणूस महिनाभर राज्य करून जातो. मला तो महिना बघायचा असतो.

याचा अर्थ एनबीएला नावं ठेवतोय असं नाही. 2025 ची ओक्लाहोमा सिटी विरुद्ध इंडियाना फायनल मी सातही मॅच बघितली. पहिल्या मॅचमध्ये इंडियाना पूर्ण वेळ मागे होती आणि त्यांच्या हॅलिबर्टनने 0.3 सेकंद उरले असताना पहिली आणि शेवटची आघाडी घेतली. असं बास्केटबॉल कुठल्याच कॉलेजात होत नाही. माझी तक्रार आहे ती जानेवारी-फेब्रुवारीच्या एनबीएची. स्टार खेळाडू विश्रांतीवर, तिकीट काढून आलेला माणूस बेंचवरच्यांचा खेळ बघतोय, आणि तळाचे संघ ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळावा म्हणून हरायला मोकळे. मुद्दाम हरू नये म्हणून 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरची सारखीच, 14 टक्के संधी दिली. तरी हरणारे हरतातच. एनबीएचा संघ असलेलं शार्लट आमच्यापासून अडीच-तीन तासांवर आहे, पण तिकडे गाडी वळवावी असं मला क्वचितच वाटलंय.

यावर जुने-जाणते म्हणतात की कॉलेजातही आता पैसा घुसला, निष्ठा संपली, पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात. मला हे पटत नाही. पैसा आधीही होता. कोच लाखो डॉलर घेत होते, फक्त खेळणाऱ्यांच्या हाती स्कॉलरशिपपलीकडे काही पडत नव्हतं. 2021 च्या जुलैपासून मुलांना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली, आणि 2025 पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. उशीरच झाला. आणि निष्ठेचं म्हणाल तर त्या 2024 च्या स्टेटचे सुरुवातीचे पाचही खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून आलेले होते. ओकॉनेल स्टॅनफर्डचा, बर्न्स विंथ्रॉपचा, एक तर चक्क व्हर्जिनियाचाच. त्यांच्यासाठी घसा फोडताना रॉलीत कुणी दाखले तपासले नाहीत. वर्षभराने मात्र स्टेट 19 मॅच हरलं, लीगच्या स्पर्धेतही जागा मिळाली नाही, आणि त्याच कोचला नारळ मिळाला. हे सगळं त्या पैशाबरोबर येणारच.

एक उपप्रश्नही असतो: आम्ही हिवाळ्यात आलो तर कुठली मॅच बघायची? मी ड्यूकच्या तिकिटामागे लागू नका म्हणतो. रेनॉल्ड्समध्ये या. 1949 सालचं, जेमतेम साडेपाच हजार माणसांचं जुनं कोलिसियम. तिथे स्टेटच्या मुली खेळतात, आणि 2024 मध्ये मुलांबरोबर त्याही अंतिम चारमध्ये गेल्या होत्या. त्या वर्षी मुलींची फायनल 1 कोटी 89 लाख लोकांनी बघितली, मुलांची 1 कोटी 48 लाखांनी. मुलींच्या खेळात दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि 'वन अँड वन' नसतो, त्यामुळे नियम समजावण्यात माझाही वेळ जाणार नाही. फक्त स्टेटचा रंग म्हणून लाल काहीतरी घालून या.