फाइलवर ७८ ग्रॅम, पोटात किती?

पावसाळा सरत आला की नागपुरात आजूबाजूच्या जिल्ह्यांतून स्क्रब टायफसचे, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे, पेशंट येतात. भंडाऱ्याकडचे एक धानाचे शेतकरी असेच आले. फुप्फुसं धरलेली, थेट व्हेंटिलेटरवर. मी आयसीयूची आहारतज्ज्ञ. वजन ६० किलो, किलोमागे १.३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७८ ग्रॅम प्रथिनं. रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, तासाला ६० मिली फीड, म्हणजे पातळ आहार. त्यातून दिवसाला ५८ ग्रॅम मिळतात, उरलेली २० व्हे पावडरमधून, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरमधून. पावडर गुठळी न ठेवता कालवावी लागते आणि आधी-नंतर ३० मिली पाणी सोडावं लागतं. नाहीतर नळी तुंबते, आणि दोष पावडरला जातो.

ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवणं, सकाळी ९ ला ठरली, म्हणून रात्री १२ पासून फीड बंद. सर्जन दुसऱ्या केसमध्ये अडकले, झाली संध्याकाळी ५ ला. फीडचा पंप सुरू झाला रात्री ८ वाजता, तोही मी फोन केला म्हणून. वीस तासांत १२०० मिली, म्हणजे ४८ ग्रॅम प्रथिनं बुडालीच. सिस्टरना बोल लावणार नाही. बंदची ऑर्डर होती, सुरूची कोणी लिहिलीच नव्हती. डॉक्टर औषधाचा एक डोस चुकला तर जाब विचारतात, फीड चुकलं तर कोणाला पत्ताही नसतो.

बाहेर त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "ताई, एवढी सलाईन चढून राह्यली, मग हे असे वाळून काहून राह्यले?" पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, शंभर कॅलरीही नाहीत, प्रथिनं शून्य. सलाईन म्हणजे जेवण, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही आहे.

दुसऱ्या दिवशी फिजिओ सरांनी ताकद तपासली. खांद्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंचे मिळून ६० गुण. ४८ च्या खाली म्हणजे आयसीयूतला अशक्तपणा. यांचे ३४. गुडघा सरळ करा म्हटलं तर मांडी नुसती थरथरली, टाच गादीवरून उठेना. तरी सरांनी आणि मावशींनी दोन्हीकडून धरून त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं.

हे एका दिवसाच्या उपासाने झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या २०१३ च्या अभ्यासात दहाव्या दिवसापर्यंत आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू जवळपास १८ टक्क्यांनी घटला होता. प्रथिनं वाढवत नेऊनही भागत नाही. २०२३ च्या मोठ्या चाचणीत किलोमागे २.२ ग्रॅम देऊन पेशंट लवकर घरी गेले नाहीत, मूत्रपिंड बिघडलेल्यांना तर त्रासच जास्त झाल्याचं दिसलं. म्हणून मी जादा मागतच नाही. ठरलेलं तेवढं पोचू द्या.

या शेतकऱ्यापुरतं आयसीयूच्या डॉक्टर सरांनी ऐकलं: तासाचा दर न धरता दिवसाचं एकूण माप धरायचं, खंड पडला तर दराला वरची मर्यादा ठेवून उरलेल्या तासांत भरून काढायचं. बाकी खाटांवर जुनीच पद्धत. ते वॉकर धरून घरी गेले. या बदलामुळे की तसेही गेले असते, मला अजून सांगता येत नाही. फीड बंद करताना सुरू करायची वेळही त्याच ओळीत लिहा, हे मात्र मी रोज राउंडला म्हणते.